बाळासाठी पलंगाला लागून असलेली कॉट कशी निवडावी? नागपूरकर आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

थोरलीच्या वेळी आमच्याकडे कॉट आली ती पलंगाला लागेचना. तिचे पाय पलंगाखाली सरकवायचे होते आणि आमचा पलंग बॉक्सचा, खाली बोटभर फट नाही. सिझेरियनचे टाके ओले, दर दोन तासांनी दूध, आणि कॉट चार हात दूर भिंतीशी. धाकट्याच्या वेळी आधी टेप घेऊन खोली मोजली, मग दुकानात गेले. तेव्हापासून नात्यात, शेजारात कुणाकडे गोड बातमी आली की हे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

बेडसाइड कॉट म्हणजे नेमकं काय?

तीन बाजू उंच, चौथी खाली होणारी किंवा चेन लावून उघडणारी अशी लहान कॉट. उघडी बाजू आईच्या गादीला भिडवायची आणि कॉट पट्ट्यांनी पलंगाला घट्ट बांधायची. बाळ आईच्या हाताशी राहतं, पण त्याची गादी वेगळी, पांघरूण वेगळं. चौथी बाजू वर केली की तीच साधी कॉट. पट्टे नसलेली, नुसती पलंगाशेजारी ठेवायची छोटी कॉट दुकानदार याच नावाने विकतात. ती वाईट नसते, मात्र तिची बाजू उघडी ठेवून ती पलंगाला टेकवायची नाही. रात्रीत ती सरकते आणि मध्ये फट पडते.

सासूबाई म्हणतात, बाळ आईच्या कुशीतच झोपावं. मग कॉट कशाला?

त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग डॉक्टरही सांगतात. बाळाने आईच्याच खोलीत, जवळ झोपावं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली पुन्हा तेच लिहिलं: निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावं, पण त्याची झोपायची जागा वेगळी असावी. दुसरा अर्धा भाग मात्र बदललेल्या घरांचा आहे. आजीच्या काळी कापसाची टणक गादी, एक गोधडी आणि बाळंतिणीच्या सोबतीला रात्री जागं असणारं कुणीतरी असायचं. आज जाड फोमची मऊ गादी, दोन-तीन उशा, मोठी रजई, शेजारी नवरा, आणि खोलीत चौथं कुणी नाही. नवजात बाळाला तोंडावर आलेली रजई बाजूला सारता येत नाही, रुतलेलं नाक सोडवता येत नाही.

बाळ नऊ महिने भरायच्या आधी आलं असेल, जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, घरात कुणी तंबाखू ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीची औषधं घेतली असतील, तर एका गादीवर झोपवणं फारच धोक्याचं. अशा घरात वेगळी जागा हवीच, यावर मी वाद घालत नाही.

सासूबाईंना मी एकच सांगते: आई, बाळ तुमच्या सुनेच्या हाताशीच आहे, फक्त त्याची गादी त्याची आहे. हे बहुतेकींना पटतं.

दूध पाजता पाजता माझाच डोळा लागतो. मग काय?

लागणारच. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. पाजायला बसण्याआधीच आपल्या गादीवरच्या जास्तीच्या उशा आणि रजई पायाकडे ढकलून ठेवा. जाग आली की बाळाला लगेच कॉटमध्ये उताणं ठेवा, मग कितीही मिनिटं झालेली असोत. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून रात्रीचं दूध पाजणं मात्र टाळा. सोफ्याच्या कडेला आणि पाठीच्या फटीत बाळ अडकून गुदमरतं, आणि तो धोका पलंगापेक्षा कितीतरी मोठा आहे. झोप अनावर झाली असेल तर सोफ्यापेक्षा पलंग बरा.

दुकानात जाण्याआधी घरी काय मोजायचं?

या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं माप जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. गादीवर कुणाला तरी बसवून मोजा, कारण फोम दबतो. कॉटची गादी या उंचीला बरोबर यायला हवी. ती बरीच खाली राहिली तर टाके असलेल्या आईला वाकून बाळ उचलावं लागतं, वर आली तर बाळ पलंगाकडे घरंगळू शकतं. उघड्या बाजूला कॉटचा थोडा काठ उभा राहतोच. तो तसाच राहू द्या, तोच बाळाला अडवतो.

दुसरं माप पलंगाखालच्या जागेचं. बऱ्याच कॉटचे पाय आडवे पसरून पलंगाखाली जातात. खाली किती सेंटिमीटर मोकळे आहेत ते लिहून घ्या.

तिसरं माप कुणी घेत नाही. आपल्याकडच्या लाकडी पलंगांना बाहेरून पट्टी असते, गादीच्या पुढे दोन-तीन बोटं आलेली. कॉट त्या पट्टीला टेकते, गादीला टेकत नाही, आणि मध्ये चर राहतो. त्या चरात बाळाचा चेहरा किंवा हात जाऊ शकतो. तो चर दुपटं किंवा टॉवेल कोंबून बुजवू नका. एक तर गादी थोडी सरकवून कडेला आणा आणि फट पलीकडे, भिंतीकडे घ्या, किंवा चौथी बाजू वर करून कॉट वेगळी वापरा.

शेवटी पलंगाच्या बाजूची मोकळी जागा. या कॉट साधारण नव्वद सेंटिमीटर लांब आणि पन्नास ते साठ रुंद असतात. कपाटाचं दार उघडतं का, रात्री बाथरूमला जायला वाट राहते का, तेही बघा.

आमचा पलंग बॉक्सचा आहे. आमच्यासाठी काय?

नागपुरातल्या फ्लॅटमध्ये हाच प्रश्न सगळ्यात जास्त. तीन वाटा आहेत. एक, ज्या कॉटचे पाय सरळ उभे किंवा आतल्या बाजूला दुमडता येतात ती शोधा. दुकानात पाय दुमडून दाखवायला सांगा, नुसतं 'होतं' म्हणाले तर ऐकू नका. दोन, पट्टे लांब हवेत. बॉक्सला पट्टा गुंडाळायला खालून जागा नसते, म्हणून तो तुमच्या गादीखालून आरपार नेऊन पलीकडच्या कडेला अडकवावा लागतो. तीन, यातलं काही जमत नसेल तर चारही बाजू उंच असलेली साधी छोटी कॉट घ्या आणि पलंगाशेजारी ठेवा. बाळ तेवढंच सुरक्षित असतं, तुम्हाला फक्त अर्धं पाऊल उठावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरी आहे. कॉट कुठे आणायची?

दोन्ही घरचे पलंग मोजा. माहेरी दिवाण अठरा इंचांचा आणि सासरी गादी पंचवीस इंचांवर, असं सहज होतं. म्हणून पायांची उंची बदलता येणारी, दुमडून गाडीच्या डिकीत जाणारी कॉट घ्या. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, चंद्रपूरहून परत येताना चाकं आणि पट्टे मागे राहतात, हा माझ्या ओळखीतल्या तिघींचा अनुभव. सगळे सुटे भाग एका कापडी पिशवीत भरा आणि पिशवी कॉटलाच बांधा.

माहेरी बाळंतीण बाजेवर झोपणार असेल तर कॉट तिला जोडू नका. सुतळीची किंवा नवारीची बाज माणूस बसला की खोलगट होते, उठला की वर येते. उंची कधीच जुळत नाही. बाजेशेजारी चार बाजूंची कॉट ठेवा.

आम्ही जमिनीवर गाद्या घालून झोपतो. कॉट घ्यावीच लागेल का?

नाही. आईच्या गादीला लागून बाळाची स्वतःची लहान, टणक, सपाट गादी घाला. तिच्यावर घट्ट खोचलेली एक चादर, आणि बाकी काही नाही. मुंग्यांकडे लक्ष ठेवा, फरशी कोरडी ठेवा. पैसे उसने काढून कॉट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉटची गादी कशी असावी?

सपाट आणि टणक. तळहाताने मध्यभागी दाबून हात उचला. खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. गादी आणि कॉटच्या बाजू यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे. कॉटसोबत आलेलीच गादी वापरावी. ती पातळ वाटते म्हणून वर दुसरी मऊ गादी घालायची इच्छा सगळ्यांनाच होते. आपल्याला जे पातळ वाटतं ते बाळाला पुरतं.

कॉटसोबत गादी नसेल आणि गादीवाल्याकडून कापसाची भरून घेणार असाल तर ठासून भरायला सांगा आणि गोळे होऊ लागले की पिंजून घ्या. ड्राय शीट घट्ट खोचा, सुटलेला कोपरा ठेवू नका. जुनं जाड रबरशीट मे महिन्यात पाठ भाजून काढतं, ते नको.

आत काय काय ठेवायचं? मोहरीची उशी चालेल का?

कॉटमध्ये बाळ आणि चादर. उशी नाही, लोड नाही, कडेने लावायचे मऊ पॅड नाहीत, मऊ खेळणी नाहीत. ते पॅड सेटमध्ये फुकट येतात आणि फोटोत छान दिसतात. अमेरिकेत २०२२च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवरच बंदी आली, कारण बाळं त्यात तोंड खुपसून गुदमरली.

मोहरीच्या उशीबद्दल आजी नाराज होतील हे मला माहीत आहे. डोकं गोल व्हावं म्हणून ती करतात. पण एकीकडे डोकं चपटं पडू नये याला सोपा उपाय आहे. एक दिवस डोकं कॉटच्या एका टोकाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला ठेवा. बाळ नेहमी आईकडे वळून बघतं, त्यामुळे मान दोन्हीकडे फिरते. दिवसा जागं असताना, तुम्ही समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं ठेवा. उशी शिवलीच असेल तर ती दिवसा, बाळ जागं असताना, आजींच्या मांडीवर राहू द्या.

गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपवताना काढा. तो कॉटच्या कोपऱ्याला, बटणाला अडकतो. पाचवीच्या पूजेनंतर उशाशी विळा किंवा लोखंडी वस्तू ठेवायची पद्धत असेल तर ती पलंगाखाली किंवा देवाजवळ ठेवा, कॉटमध्ये नको.

उताणं झोपवलं तर दूध उलटून श्वासनलिकेत जाणार नाही?

हा भीतीचा प्रश्न आहे आणि मीही पहिल्या बाळाच्या वेळी रात्र रात्र याच भीतीत काढली. उताण्या बाळात श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जायला हवं, ते सहसा जात नाही, बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर काढतं. पालथं ठेवलं की उलट होतं, श्वासनलिका खाली येते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवायची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू त्यानंतरच्या वर्षांत निम्म्यावर आले.

ढेकर काढा, दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरा, मग उताणं ठेवा. कॉटचं डोक्याकडचं टोक विटा लावून उंच करू नका. काही कॉटमध्ये एक बाजू उंच करायची सोय 'उलटीसाठी' म्हणून दिलेली असते, ती वापरू नका. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची साधनं अमेरिकेने २०२२च्या त्याच कायद्याने बंद केली. उलटी फवाऱ्यासारखी होत असेल, हिरवी असेल किंवा वजन वाढत नसेल तर बाळाला डॉक्टरांना दाखवा.

मग बारशाचा पाळणा आणि झोळी?

बारसं पाळण्यातच व्हायला हवं, त्यात काय शंका! नाव ठेवा, पाळणे म्हणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या करा. लाकडी सपाट तळाचा पाळणा दिवसा, समोर कुणी बसलेलं असताना ठीक आहे. साडीच्या झोळीत मात्र बाळ कमानीसारखं वाकतं आणि मान पुढे पडते. रडणं थांबवायला मांडीशी दोरी धरून झुलवलीत तर बाळ झोपल्यावर त्याला बाहेर काढा. झोळी टांगून स्वयंपाकघरात जाऊ नका.

झुलणारी कॉट घेतलीत तर तिचा खटका नीट बसतो का ते दुकानातच बघा. रात्री झोका बंद, कॉट स्थिर.

नागपूरच्या उन्हाळ्यात कॉट कुठे ठेवायची?

इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं नवं नाही. २०१३च्या मे महिन्यात तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. परदेशी पुस्तकांत बाळाच्या खोलीला सोळा ते वीस अंश सांगतात. ते आकडे त्यांच्या हवेचे, आपण त्यांच्या मागे लागू नये. आपण एवढंच बघायचं की बाळ तापलेलं नाही ना. मानेच्या मागे आणि छातीला हात लावा. घाम किंवा भाजल्यासारखी उष्णता लागली तर एक कपडा कमी करा. हातपाय गार असणं ही थंडीची खूण नव्हे, नवजात बाळाचे हातपाय तसेच असतात.

पश्चिमेच्या भिंतीला कॉट टेकवू नका. वरच्या मजल्यावर असाल तर संध्याकाळी स्लॅब आणि ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता ओकत राहतात. हात लावून बघा, कळेल.

कूलर खिडकीत असतो आणि आपण सवयीने पलंग त्याच्या झोतात घालतो. कॉट झोतात नको. कूलरची हवा भिंतीवर किंवा छताकडे वळवा, समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि घामोळं येतं. वाळ्याचे पडदे दर हंगामाला बदला, टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा. त्याच पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. एसी असेल तर पंचवीस-सव्वीसवर ठेवा, बाळाला एक सुती झबलं पुरे. पंखा हळू चालू राहू द्या, खेळती हवा बाळाला बरी. वायर आणि बोर्ड कॉटपासून हातभर दूर.

घरात झोपवताना टोपडं काढा. बाळ डोक्यातूनच बरीच उष्णता बाहेर टाकतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी गोधड्यांचा ढीग घालू नका, कपड्यांचा एक थर वाढवा. दुपट्यात गुंडाळत असाल तर छातीवर सैल आणि खाली पाय हलतील असं. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद.

डास? छत्रीची मच्छरदाणी चालेल?

पलंग आणि कॉट दोन्ही एकाच मोठ्या मच्छरदाणीत आले तर उत्तम, जाळी गादीखाली खोचा. कॉटसोबत येणारी जाळी असेल तर ती ताणून बसायला हवी, बाळाच्या अंगावर लोंबता कामा नये. छत्रीची मच्छरदाणी फक्त दिवसा, नजरेसमोर. ती सहज कलंडते आणि बाळाच्या चेहऱ्यावर येते. बंद खोलीत कॉइल लावू नका. ओवा-लसणाची धुरी द्यायचीच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्या आणि खिडक्या उघडून धूर जाऊ द्या.

लकडगंजहून सागवान आणून सुताराकडून करून घेतली तर?

माझं मन याच बाजूला आहे. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान मिळतं, ओळखीचा सुतार असतो, आणि अशी कॉट पुढे भावंडांना, भाच्यांना जाते. पण सुताराला नमुन्याचा फोटो देऊन भागत नाही, मापं द्या. उभ्या दांड्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पुठ्ठ्याचा सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून त्यालाच द्या, तो ज्या फटीतून सहज जाईल ती फट मोठी. आडव्या दांड्या नकोत, त्यांवर बाळ पुढे चढतं. कोपऱ्यांवर नक्षीचे गोंडे, वर आलेले खुंट नकोत, कपडा अडकतो. नक्षीची छिद्रं नकोत. वर-खाली सरकणारी बाजू करून घेऊ नका. मोठ्या कॉटच्या तशा बाजू निखळून बाळं अडकली म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्या विकायला मनाई आहे. घरची कॉट चारही बाजू पक्की असावी. पलंगाला जोडायची यंत्रणा सुताराकडून जमवायला जाऊ नका.

रंग किंवा पॉलिश बाळ येण्याच्या महिनाभर आधी पूर्ण व्हावं आणि कॉट हवेशीर ठेवावी. रंग लावायचाच तर डब्यावरची शिशाची माहिती वाचा. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत नव्वद भागांच्या वर चालत नाही. कोपऱ्यात पडलेला जुना डबा वापरू नका. बाळ पुढे तोच काठ चघळणार आहे.

विकत घेताना खोक्यावर काय बघू?

ईएन ११३० किंवा एएसटीएम एफ२९०६ असं छापलेलं आहे का ते. पहिलं युरोपचं मानक, दुसरं अमेरिकेचं. ऑनलाइन घेतलीत तर वजनाची मर्यादा, पट्ट्यांचे फोटो आणि परत करायचे दिवस वाचा. खोकं लगेच फाडून टाकू नका. सीताबर्डी, इतवारीच्या दुकानांत जुळवलेला नमुना असतो, तो हलवून बघा. चाकांना ब्रेक हवा, चेन बाळाच्या बोटांपासून दूर हवी.

बहिणीची वापरलेली कॉट मिळते आहे.

घ्या. एकेक स्क्रू आवळा, जाळी फाटलेली नाही ना बघा, पट्टे ओढून बघा. पट्टे हरवले असतील तर साडीची किनार किंवा दोरीने बांधू नका, चार बाजू बंद करून वापरा. कुठला भाग तडकलेला असेल तर ती सोडून द्या, बहिणीला वाईट वाटणार नाही.

बाळ यायच्या आधी वस्तू आणू नये म्हणतात.

घरचं मन मोडू नका. मापं घ्या, दुकानात बघून ठेवा, हवं तर पैसे भरून ठेवा आणि 'जन्मानंतर पाठवा' सांगा. सिझेरियन असेल तर दवाखान्यातच तीन-चार दिवस जातात, तेवढ्यात काका किंवा मामा कॉट जुळवून ठेवतील. फक्त ती जुळवणाऱ्याने माहितीपत्रक वाचलेलं असू द्या.

जुळी आहेत.

दोन कॉट. एकात दोघं नकोत.

किती महिने वापरायची?

खोक्यावर नऊ किलो लिहिलेलं असतं म्हणून लोक नऊ किलोपर्यंत थांबतात. आपली बाळं सहाव्या महिन्यात बहुधा सहा-सात किलोंची असतात, पण तोवर कुशीवर वळतात, हातांवर उठतात. वजन बघू नका, बाळ बघा. ते हातागुडघ्यांवर उठू लागलं किंवा काठ धरून ओढून बसू लागलं, तर त्या रात्रीपासून ही कॉट बंद. माझी थोरली पाचव्या महिन्यात एका दुपारी काठावर छाती टेकवून मला बघत होती. त्याच संध्याकाळी आम्ही कॉट घडी करून माळ्यावर टाकली आणि तिची गादी आमच्या पलंगाशेजारी जमिनीवर घातली.